मूळ कागद घरात, नोंद वहीत

(प्रभागसंघाच्या वार्षिक सभेत आपल्या एका सदस्य ताईंनी केलेलं हे बोलणं. सभेला येता आलं नाही अशा मैत्रिणींसाठी इथे देत आहोत.)



आधी एक प्रश्न विचारते. हात वर करायचा, लाजायचं नाही. आपल्या घरचे महत्त्वाचे कागद आज, या घडीला, नेमके कुठे आहेत हे किती जणींना माहीत आहे?

बघा, मोजून सात-आठ हात. बाकीच्या हसताय. हसा, मीही तुमच्यातलीच होते. मघाशी चहाच्या वेळी मी तिघींना हेच विचारलं. एक म्हणाली, "तांदळाच्या कोठीत आहेत." दुसरी म्हणाली, "मालकांना माहीत." तिसरी म्हणाली, "भाऊजींकडे आहेत, तेच सगळं बघतात." आज मला बोलायचंय ते या तिसऱ्या उत्तरावर.

आपल्याकडे म्हणतात, "मी त्याला पावर दिली." म्हणजे काय, तर मुखत्यारपत्र लिहून दिलं. आपल्या वतीने सही करायचा, कचेरीत हजर राहायचा, व्यवहार करायचा अधिकार दुसऱ्याला दिला. एकाच ठरावीक कामापुरतं दिलं तर ते विशेष मुखत्यारपत्र. सगळ्या कामांसाठी दिलं तर ते कुलमुखत्यारपत्र. सही त्याची, पण बांधील आपण. ही गोष्ट आधी डोक्यात पक्की बसवा.

असा कागद देणं वाईट आहे असं मी म्हणणार नाही. गरज पडते. दसरा-दिवाळीनंतर नवरा-बायको ऊसतोडीला जातात, चार-पाच महिने गाव सुटतं, मागे कचेरीचं काम निघतं. कुणाचं ऑपरेशन असतं. कुणी म्हातारी एसटीत चढू शकत नाही. मग विश्वासाच्या माणसाला अधिकार द्यावाच लागतो. प्रश्न तो कागद लिहून झाल्यावर सुरू होतो. तो ठेवायचा कुठे, दाखवायचा कुणाला, आणि कुणाकुणाकडे गेला हे लक्षात ठेवायचं कसं?

माझ्याच घरची गोष्ट सांगते.

माझे वडील गेल्यावर तीन एकर जमीन आईच्या नावावर आली. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. पीककर्जाचं काम होतं, सारखं तालुक्याला जायला लागायचं. माझ्या चुलतभावाने सांगितलं, "काकू, तुम्ही कशाला हेलपाटे मारता? मला पावर द्या." आईने दिली. तालुक्याला स्टॅम्प घेतला, टाईप करून आणला, नोटरीकडे अंगठा झाला. तो कागद आईला कुणी वाचून दाखवला नाही. मूळ कागद चुलतभाऊ घेऊन गेला. घरात एक झेरॉक्ससुद्धा राहिली नाही. मी त्या वेळी माहेरी आले होते. मीही विचारलं नाही. ही माझी चूक, ती मी तुमच्यासमोर कबूल करते.

पीककर्ज झालं. वर्षभराने आई त्याला म्हणाली, "आता माझे डोळे बरे झाले, आता तू काही बघू नको." तो "बरं काकू" म्हणाला. आईला वाटलं, संपलं.

त्यानंतर सहा महिन्यांनी शेजारच्या गावचा एक माणूस दारात आला. हातात विसार पावती. आमच्या एक एकराचे पन्नास हजार विसार म्हणून त्याने चुलतभावाला दिले होते. आई म्हणाली, "मी त्याला कधीच नको म्हणून सांगितलंय." तो माणूस म्हणाला, "मावशी, तुम्ही त्याला सांगितलं असेल, मला कुणी सांगितलं? मी शिक्क्याचा कागद बघूनच पैसे दिले."

आणि मैत्रिणींनो, त्या माणसाचं बरोबर होतं. आम्ही तालुका विधी सेवा समितीत गेलो, तेव्हा तिथल्या वकील ताईंनी समजावलं. १८७२ चा करार कायदा आहे. त्यात असं आहे की दिलेला अधिकार काढून घेतला, तर मुखत्याराला ते कळेल तेव्हा तो त्याच्यापुरता संपतो. पण बाहेरच्या माणसाच्या बाबतीत तो त्या माणसाला कळेल तेव्हा संपतो. तोवर कागद बघून त्याने विश्वासाने व्यवहार केला, तर आपण सहज हात झटकू शकत नाही. आणि त्या कागदात जमीन विकायचा, विसार घ्यायचा अधिकारही लिहिलेला निघाला. आईने दिला होता पीककर्जासाठी!

मग कागद रद्द करायला निघालो. तर कागदाची तारीख माहीत नाही. नोटरी कोणता, माहीत नाही. तहसील कचेरीजवळ एक टेबल होतं, एवढंच आईला आठवत होतं. तीन चकरा झाल्या. शेवटी एका नोटरीच्या रजिस्टरमध्ये आईच्या अंगठ्याची नोंद सापडली. मग रद्द केलं, चुलतभावाला नोटीस दिली, बँकेला आणि तलाठ्याला कळवलं. जमीन वाचली. पण गावातल्या चार माणसांत बसून तोड निघाली ती अशी, की विसार परत द्यायचा. चुलतभावाने वीस हजार दिले, तीस हजार आम्ही. ते तीस हजार मी आपल्याच गटातून कर्ज काढून दिले. प्रत्येक हप्ता भरताना माझ्या मनात यायचं, की एक झेरॉक्स दोन-चार रुपयांत झाली असती.

आता बघा, आपण गटात काय करतो? पेटी एकीकडे, चावी दुसरीकडे. कर्ज दिलं की वहीत लिहितो, सही घेतो, परत आलं की खोडतो. पै-पैचा हिशोब अशिक्षित बाईसुद्धा तोंडपाठ सांगते. मग लाखाच्या जमिनीच्या कागदाला ही शिस्त का नाही? मी आज नवीन काही सांगत नाही. गटाची शिस्त घरच्या कागदाला लावा, एवढंच सांगते.

पहिलं, कागद लिहिताना.

लागेल तेवढाच अधिकार द्या. पीककर्जासाठी हवं तर विशेष मुखत्यारपत्र करा. त्यात गट नंबर लिहा, काम लिहा, बँकेचं नाव लिहा, कधीपर्यंत चालेल ती तारीख लिहा. "जमीन विकण्याचा, गहाण ठेवण्याचा, विसार घेण्याचा अधिकार दिलेला नाही" ही ओळ घालून घ्या. कोऱ्या स्टॅम्पवर सही-अंगठा अजिबात नको. कागद मोठ्याने वाचून घ्या, आणि वाचणारा माणूस मुखत्यार सोडून दुसरा असू द्या. आपली शाळेत जाणारी पोरगीसुद्धा चालेल. अजून एक. कुणी पैसे देऊन त्या बदल्यात मुखत्यारपत्र मागत असेल, तर वकिलाला विचारल्याशिवाय हो म्हणू नका. ज्यात मुखत्याराचा स्वतःचा हक्क गुंतलेला असतो, तो कागद नंतर सहज रद्द होत नाही.

दुसरं, कागद ठेवताना.

मूळ कागद ज्याला अधिकार दिला त्याच्याकडेच कायमचा ठेवायचा नाही. पेटी आणि चावी एका हातात नको. तुम्ही घरी असाल तर तुमच्याकडे ठेवा. ऊसतोडीला जाणार असाल तर बहिणीकडे, मुलीकडे, ज्यांच्यावर भरवसा आहे त्यांच्याकडे ठेवा. कचेरीत किंवा बँकेत मूळ बघायला मागितलं, तर सांभाळणारीने बरोबर जायचं, दाखवायचं आणि घेऊन यायचं. तेही जमत नसेल तर वहीत लिहून द्यायचं आणि काम झालं की परत घ्यायचं.

घरात कुठे ठेवाल? जमिनीवर, भिंतीला टेकून, धान्याच्या कोठीत ठेवू नका. वाळवी, उंदीर आणि ओल यांना कागदाची किंमत कळत नाही. जाड प्लास्टिकच्या फाईलमध्ये घालून पत्र्याच्या पेटीत किंवा कपाटात, उंचावर ठेवा. पावसाळ्यानंतर एकदा काढून बघा. घडी घालून घालून कागद घडीवरच फाटतो, म्हणून सपाट ठेवा. आणि लॅमिनेशन करू नका. पुष्कळ जणी हौसेने करतात. मग शिक्का खरा आहे का, मागे काय लिहिलंय, हे नीट तपासता येत नाही, आणि नवीन शेरा मारायला जागा राहत नाही.

झेरॉक्स काढताना सगळी पानं काढा, मागच्या बाजूसकट. स्टॅम्प कुणी कधी घेतला याची नोंद पुष्कळदा मागेच असते. एक झेरॉक्स घरात वेगळ्या जागी आणि एक दुसऱ्या गावातल्या विश्वासाच्या घरी ठेवा. आग लागली, पूर आला, तर दोन्ही घरं एकदम जाऊ नयेत.

कागद दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नोंदवलेला असेल, तर दस्त क्रमांक, वर्ष आणि कोणती कचेरी हे लिहून ठेवा. मूळ हरवलं तरी तेवढ्यावर तुम्हाला नक्कल मागता येते. नोटरीचा असेल तर नोटरीचं नाव, तारीख आणि त्याच्या रजिस्टरचा नंबर लिहून ठेवा. आमच्या तीन चकरा या एका ओळीने वाचल्या असत्या.

तिसरं, आणि सगळ्यात महत्त्वाचं, कागद देताना.

एक साधी वही घ्या. दहा-वीस रुपयांची चालेल. त्यात एक पान कागदाचं. कुणाला दिला, मूळ की झेरॉक्स, कशासाठी, कोणत्या तारखेला, परत आला का. बस, पाच रकाने. बँकेला झेरॉक्स दिली, लिहा. सोसायटीला दिली, लिहा. तलाठ्याला दिली, लिहा. उद्या कागद रद्द करायची वेळ आली, तर हीच तुमची यादी. या प्रत्येकाला कळवायचं. वही नसेल तर कळवणार कुणाला? आमचं घोडं तिथेच अडलं होतं.

झेरॉक्स देताना तिच्यावर आडवं लिहा: "फक्त पीककर्जासाठी", खाली तारीख आणि सही किंवा अंगठा. अक्षरावर थोडं चढेल असं लिहा, म्हणजे तेवढा भाग झाकून पुन्हा झेरॉक्स काढता येणार नाही. आधारची प्रत द्यायची वेळ आली, तर पहिले आठ आकडे झाकलेलं आधार मिळतं, ते चालतं का हे आधी विचारा.

आता मोबाईलचं. फोटो काढून ठेवणं चांगलं, अडीअडचणीला उपयोगी पडतो. पण गटाच्या व्हॉट्सॲपवर टाकू नका. तिथे टाकलेला फोटो कुठे जाईल ते सांगता येत नाही. एकाच माणसाला पाठवा, आणि काम झाल्यावर पुसायला सांगा. सेवा केंद्रात, झेरॉक्सच्या दुकानात मोबाईलवरून फाईल दिली, तर प्रिंट निघाल्यावर त्यांच्या कॉम्प्युटरवरून ती तुमच्यासमोर काढून टाकायला लावा. संकोच कसला? पैसे देऊन काम करून घेतोय आपण. फोनला लॉक ठेवा, आणि ओटीपी कुणालाही सांगू नका.

डिजीलॉकरबद्दल पोरी विचारतात. चांगली सोय आहे. पण त्यात दोन प्रकार आहेत. सरकारी खात्याने थेट दिलेला कागद तिथे येतो, त्याला मुळाइतकीच किंमत. आपण फोटो काढून चढवलेला कागद मात्र नुसती प्रतच. मुखत्यारपत्राचा फोटो तिथे ठेवलात म्हणून मूळ फेकायचं नाही.

चौथं, कागद संपतो कधी?

यात फार गैरसमज आहेत. देणारी व्यक्ती वारली की मुखत्यारपत्र संपतं. "आईने मला पावर दिली होती, ती गेल्यावर मीच बघणार" असं चालत नाही. त्यासाठी मृत्युपत्र लागतं, वारसनोंद लागते, बँकेत नॉमिनी लागतो. आणि देणाऱ्याची समज गेली, बुद्धी भ्रमली, तरी आपल्या कायद्याने मुखत्यारपत्र संपतं. एका ताईंचे नातेवाईक इंग्लंडला असतात. त्यांच्याकडे २००५ च्या कायद्याने असा एक कागद आहे की माणसाची समज गेल्यावरही तो चालतो. पण तो आधी सरकारी कार्यालयात नोंदवावा लागतो. आपल्याकडे तशी सोय नाही. आपल्याकडे तशी वेळ आली तर मालमत्तेसाठी कोर्टाकडून पालक नेमून घ्यावा लागतो. म्हणून घरातलं माणूस शुद्धीत आहे, बोलतंय, तोवर कागदांची, वारसांची, नॉमिनीची विचारपूस करून घ्या. अपशकुन काही नाही त्यात. आपण बियाणं आधी निवडून ठेवतो, तसंच ते.

आणि आपल्याला रद्द करायचं असेल तर नुसतं तोंडी "आता बघू नको" म्हणून भागत नाही. माझ्या आईची गोष्ट विसरू नका. लेखी रद्द करा. नोंदवलेला कागद असेल तर रद्दही नोंदवूनच करा. मुखत्याराला नोटीस द्या, पोस्टाची पोच जपून ठेवा. मूळ त्याच्याकडे असेल तर परत मागा. वहीतल्या प्रत्येकाला लेखी कळवा आणि आपल्या प्रतीवर त्यांची पोच घ्या. जमिनीचा मामला असेल तर वर्तमानपत्रात जाहीर सूचना देता येते.

हे सगळं एकटीला जमणार नाही असं वाटत असेल, तर ऐका. १९८७ च्या विधी सेवा कायद्याने बाईला सरकारी वकिली मदत फुकट मिळते. उत्पन्नाची अट नाही. तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती असते, तिथे जा. १५१०० हा नंबर लक्षात ठेवा. आम्हाला तिथूनच वाट सापडली.

काही जणी म्हणतील, "एवढं केलं तर घरचे म्हणतील, आमच्यावर विश्वास नाही का?" मलाही हीच भीती होती. पण मला सांगा, गटात आपण एकमेकींच्या सह्या घेतो, तेव्हा कुणाचा अपमान होतो का? नाही. उलट वही नीट असली की भांडण होत नाही. माझ्या चुलतभावाशी आज आमचं बोलणं आहे, पण पहिल्यासारखं नाही. त्या वेळी कागद वाचला असता, मूळ घरी ठेवलं असतं, वहीत लिहिलं असतं, तर त्यालाही मोह झाला नसता आणि नातंही राहिलं असतं. नोंद ठेवल्याने दोन्हीकडची माणसं वाचतात.

जाता जाता एक काम सांगते. गटाच्या पुढच्या बैठकीला प्रत्येकीने एक यादी आणायची. कागद आणायचे नाहीत बरं का, फक्त यादी. कोणता कागद आहे, कुठे आहे, कुणाला माहीत आहे. आणि कुणाला मुखत्यारपत्र दिलं असेल तर त्याची तारीख आणि नंबर. यादीसुद्धा गटात वाचून दाखवायची नाही, ती तुमची खाजगी. "यादी केली" एवढंच सांगायचं, आणि सचिव ताईंनी इतिवृत्तात तेवढंच लिहायचं. जिला लिहिता येत नाही तिच्याशेजारी बसून दुसरीने लिहून द्यायचं.

माझ्या आईला लिहिता-वाचता येत नाही. पण आता तिची स्वतःची फाईल आहे. जमिनीच्या कागदाला हिरवा दोरा, बँकेच्या कागदाला पिवळा, आणि ज्याची प्रत बाहेर दिली आहे त्याला लाल. प्रत परत आली, की लाल दोरा सोडते. मागच्या महिन्यात मी गेले होते, तेव्हा तिने फाईल पुढे ठेवली आणि म्हणाली, "मोज." एकच लाल दोरा होता. तो कोणता, कुणाकडे, कशासाठी, ते तिने न अडखळता सांगितलं.

आपल्या प्रत्येकीला एवढं सांगता यावं, म्हणून मी आज बोलले.